डाव्या हाताची फिडल

ऑस्ला इंकस्टर डावरी आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. चमचा कुठल्या हातात धरला म्हणून सूप काही वेगळं लागत नाही. पंचाईत झाली ती ऑस्ला सहा वर्षांची असताना थेल्माबाईंकडे फिडल शिकायला गेली तेव्हा. थेल्माबाई तिच्या डाव्या खांद्यावर फिडल ठेवायच्या, उजव्या हातात गज द्यायच्या आणि दुसऱ्या मुलाकडे वळायच्या. परत बघावं तर फिडल उजव्या खांद्यावर आणि गज डाव्या हातात. तीन आठवडे हा खेळ चालला. चौथ्या आठवड्यात थेल्माबाई म्हणाल्या, "राहू दे बाई. तू जिंकलीस."

मग होड्या बांधणाऱ्या अर्टीने तिच्यासाठी एक जुनी फिडल उघडली, आतली पट्टी या बाजूची त्या बाजूला चिकटवली, घोडी उलटी कापली, तारा उलट्या क्रमाने चढवल्या. त्या दिवसापासून ऑस्लाला जगातली कुठलीच दुसरी फिडल चालेना आणि तिची फिडल दुसऱ्या कुणाला चालेना.

आता ती पंधरा वर्षांची होती. शेटलंडच्या उत्तर टोकाच्या त्या बेटावर थेल्माबाईंनी आठ मुलांचा जो जथा बांधला होता त्याचं नाव टिर्रिक. टिर्रिक म्हणजे उन्हाळ्यात किनाऱ्यावर अंडी घालणारा आणि जवळ जाल तर किंचाळत डोक्यात चोच मारणारा पक्षी. पहिल्या तालमीचा आवाज ऐकून कुणाच्या तरी वडिलांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता आवाज पुष्कळ सुधारला होता. फक्त ऑस्लाला कुठे बसवायचं हा प्रश्न सुटत नव्हता. ओळीच्या उजव्या टोकाला बसवलं की शेजाऱ्याच्या कोपराशी तिचं कोपर भांडायचं, डाव्या टोकाला बसवलं की दोन फिडलींची डोकी एकमेकांवर आपटायची. शेजारी बहुतेक वेळा तिचा चुलतभाऊ मॅन्सीच असायचा, कारण बाकीच्यांनी नकार दिला होता.

"घरचं माणूस म्हणून सोसतोय," मॅन्सी म्हणायचा. "दुसऱ्या कुणी एवढं मारलं असतं तर पोलिसांत गेलो असतो."

त्या जुलैत टिर्रिकला नॉर्वेहून बोलावणं आलं. हार्डांगरच्या खाडीकाठी स्कारवीक नावाचं गाव होतं, तिथल्या मुलांबरोबर चार दिवस राहायचं, शिकायचं, शिकवायचं आणि शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात कार्यक्रम करायचा. सुरुवात एका संथ चालीने व्हायची होती. ती थेल्माबाईंच्या आजोबांनी बांधलेली, एकट्याने वाजवायची चाल. दरवर्षीच्या कार्यक्रमांत ती ब्रेना वाजवायची. ब्रेना सतरा वर्षांची, जथ्यातली सगळ्यांत तयार मुलगी. पण या वर्षी थेल्माबाई म्हणाल्या, "या खेपेला ऑस्ला." ब्रेना "बरं" म्हणाली आणि दोन दिवस जरा कमी बोलली, एवढंच.

सम्बराच्या विमानतळावर विमान इतकं लहान निघालं की आत फिडल न्यायला जागाच नव्हती. सगळ्या पेट्या खाली सामानात गेल्या. बर्गनला उतरल्यावर सगळे सामानाच्या पट्ट्याभोवती उभे राहिले. कपड्यांच्या बॅगा आल्या, कुणाची तरी मासे धरायची काठी आली, एक बाळगाडी आली. फिडल आल्या नाहीत.

सामानाच्या चौकशीच्या खिडकीमागच्या मुलीने संगणकात बघितलं. "वारा समोरून होता ना, म्हणून वजन कमी करायला थोडं सामान मागे ठेवलंय. उद्या येईल."

"आम्ही वाद्यवृंद आहोत," थेल्माबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्या बॅगा मागे ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. आम्ही मळक्या कपड्यांत वाजवलं असतं."

दुसऱ्या दिवशी कळलं की फिडल ॲबर्डीनला गेल्या. त्याच दुपारी कळलं की तिथून त्यांना ऑस्लोच्या विमानात बसवलंय.

"आपल्यापेक्षा त्यांचीच सहल चांगली चाललीय," मॅन्सी म्हणाला.

पण स्कारवीकची माणसं हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. पाहुणे रिकाम्या हातांनी आले आहेत हे कळल्यावर सकाळपासून घराघरांतून माणसं पेट्या घेऊन शाळेत येऊ लागली. त्यांच्या फिडल वेगळ्याच. अंगावर काळ्या शाईने काढलेली वेलबुट्टी, कडेला शिंपल्याचं जडावकाम, मानेच्या टोकाला कोरलेलं सिंहाचं डोकं. आणि वाजवायच्या चार तारांच्या खाली आणखी चार-पाच तरफांच्या तारा. त्यांना कुणी हात लावत नाही, वरच्या तारा वाजल्या की त्या आपणहून गुणगुणतात. घोडी सपाट, त्यामुळे एक तार वाजवायला जावं तर दोन वाजतात.

मॅन्सीने एकदा गज फिरवला आणि थांबून फिडलीच्या पोटात डोकावला. "मी एकटाच वाजवतोय ना? आत आणखी कुणीतरी बसलंय."

तासाभरात सात जणांच्या हातात सात फिडल होत्या आणि सभागृहात इतका गोड गोंधळ माजला होता की स्कारवीकची मुलं पोट धरून हसत होती. ऑस्ला खिडकीशी उभी होती. तिनेही एक फिडल घेऊन बघितली होती. उलटी धरली तर तारा उलट्या लागत. सुलटी धरली तर डाव्या पायाने सही करावी तसं होई. तिने ती नीट पेटीत ठेवून दिली.

थेल्माबाई तिच्याजवळ आल्या. "ऑस्ला, तुझी शनिवारपर्यंत आली तर प्रश्नच नाही. नाही आली तर प्रत्येक नाचाआधी दोन शब्द तू बोलशील. तुला बोलता चांगलं येतं. आणि सुरुवातीची चाल ब्रेना वाजवेल."

"बरं," ऑस्ला म्हणाली. ब्रेना म्हणाली होती तसंच.

ब्रेना आणि ऑस्ला दोघी तोर्गेर नावाच्या बागायतदाराकडे उतरल्या होत्या. खाडीच्या उतारावर त्याच्या चेरीच्या बागा होत्या, बायको बर्गनच्या इस्पितळात नोकरीला, आठवड्याच्या शेवटी घरी यायची. तोर्गेर पन्नाशीचा, कमी बोलणारा, पण टेबलावर सारखं काहीतरी खायला आणून ठेवणारा. त्याने स्वतःची फिडल ब्रेनाला दिली होती. बैठकीच्या भिंतीवर आणखी एक टांगलेली होती. ती त्याने कुणाला दिली नाही आणि कुणी मागितलीही नाही.

त्या शुक्रवारी दुपारी ऑस्ला शाळेवरून एकटीच परत येत होती. मागे शाळेच्या उघड्या खिडकीतून ब्रेनाचा सराव ऐकू येत होता. ब्रेनाने त्या अनोळखी फिडलीवर ती संथ चाल बसवली होती, आणि खालच्या तारा मागून असा काही सूर धरत होत्या की ती चाल पूर्वी कधी एवढी चांगली वाजलीच नव्हती. ऑस्लाला हे कबूल करावं लागलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

तोर्गेरच्या घरात कुणी नव्हतं. भिंतीवर ती फिडल होती.

आधी तिने ती फक्त काढून बघितली. मग तिला वाटलं, तारा उलट्या चढवल्या तर? अर्टीने केलं तसं. घोडी फिरवायची, तारांच्या जागा बदलायच्या, शनिवारी वाजवायचं, रविवारी होती तशी करून ठेवायची. तिने खुंट्या सैल करायला सुरुवात केली. अर्टीने तिला शंभरदा सांगितलं होतं की एका वेळी एकच तार काढायची, पण घाईत ते डोक्यातून गेलं. चारही तारा सैल पडल्या, मग तरफाही. घोडी टेबलावर आडवी पडली. आणि तिने फिडल जराशी तिरकी केली तसं पोटात काहीतरी टक्‌ वाजून गडगडत गेलं.

आत उभी असते ती लाकडी कांडी पडली होती.

तेवढ्यात दार उघडलं. तोर्गेर चेरींची टोपली घेऊन आत आला. त्याने टेबलाकडे पाहिलं. सैल तारा, आडवी घोडी, भिंतीवरचा रिकामा खिळा. टोपली त्याने जमिनीवर ठेवली.

"मी केलं हे," ऑस्ला म्हणाली. दुसरं कुणी करणं शक्यच नव्हतं, पण सांगायला हवं असं तिला वाटलं. "न विचारता. मला तारा उलट्या चढवायच्या होत्या."

तोर्गेरने फिडल उचलली, कानाजवळ हलवली. आत कांडी घरंगळली.

"माझ्या वडिलांची आहे," तो म्हणाला.

"फुटली का?" ऑस्लाने विचारलं.

"फुटलेली नाही. कांडी पडलीय. बसवता येते. माझ्याकडे आकडा आहे त्यासाठी."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आलाय," तोर्गेर म्हणाला. "थोडं थांब, जाईल."

तो स्वयंपाकघरात गेला, चेरी धुतल्या, वाडग्यात घालून तिच्यासमोर ठेवल्या, स्वतः समोर बसला. दोघांनी पाचसहा चेरी खाल्ल्या. मग त्याने विचारलं, "उलट्या का?"

तिने सगळं सांगितलं. सांगताना नकळत उजवा खांदा उचलून डाव्या हाताने हवेत गज फिरवला. तोर्गेरने चेरी तोंडाजवळ तशीच धरली.

"परत कर बघू."

तिने पुन्हा केलं.

"असं वाजवणारं एकच माणूस मी पाहिलंय," तो म्हणाला. "माझी आत्या. गुन्वोर. खाडीच्या पलीकडे लीआला राहते, शेळ्या पाळते. माझे वडील तिचे थोरले भाऊ. ते सगळ्या मेळाव्यांतून वाजवायचे, आणि तिला म्हणायचे, तू आरशातली फिडल वाजवतेस. एकदा पोरवयात ती स्पर्धेला गेली तर परीक्षकाने सांगितलं, हात बदलून ये. ती परत गेलीच नाही. नंतर गुपचूप कुठून तरी एक डाव्या हाताची फिडल बनवून घेतली. एका हिवाळ्याचं सगळं चीज देऊन, असं म्हणतात."

"म्हणजे वाजवतात अजून?"

"लोकांसमोर नाही. लहानपणी मी तिच्या गोठ्यामागे बसून ऐकायचो. चाळीस वर्षं मीच काय तो तिचा श्रोता, आणि तेही तिला माहीत नाही."

"त्या मला देतील फिडल?"

"नाही देणार," तोर्गेर म्हणाला. "पण उद्या सकाळी मला तिच्याकडे चेरी पोचवायच्याच आहेत. होडीत जागा आहे."

संध्याकाळी ऑस्लाने थेल्माबाईंना सगळं सांगितलं, कांडी पडल्याचंसुद्धा. थेल्माबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तोर्गेरने माफ केलंय ना? मग मी वेगळं काय बोलू. उद्या चारच्या आत इथे हजर राहायचं. आणि कुणाच्याही तारांना हात लावायचा नाही."

"तारा लावायच्या तर असतात ना, वाजवायला."

"विचारून," थेल्माबाई म्हणाल्या.

सकाळी खाडी अगदी काचेसारखी होती. लीआच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या सहा शेळ्या चेरींच्या खोक्याच्या स्वागताला आल्या आणि त्यांच्या मागून गुन्वोरबाई. एकाहत्तर वर्षांच्या, उंच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तोर्गेरने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यांनी ऑस्लाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोर्गेरला एका मोडक्या कुंपणाकडे बोट दाखवून कामाला लावलं.

त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. ऑस्लाला नॉर्वेजियन अजिबात येत नव्हतं. पण ऑस्लाच्या बेटावरची बोली जुन्या काळी इथूनच गेलेल्या लोकांची. घर, गाय, मूल, चर्च असले शब्द दोन्हीकडे जवळजवळ तेच. ऑस्ला घरच्या बोलीत सावकाश बोलली, बाकीचं हातांनी सांगितलं आणि दोघींचं बऱ्यापैकी जमलं.

"फिडल मागायला आलीस," गुन्वोरबाई म्हणाल्या.

"हो आजी."

"ती कुणाला देत नाही."

"तोर्गेरकाका म्हणाले तसं."

"मग कशाला आलीस?"

ऑस्लाने थोडा विचार केला. "दुसरं कुणी डावं वाजवताना मी अजून कधी बघितलं नाही."

गुन्वोरबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात फिडल होती. शिंपल्याचं काम झिजून पिवळं पडलेलं, वेलबुट्टी हनुवटीच्या जागी पुसून गेलेली. नेहमी डावीकडे पुसते ती इथे उजवीकडे पुसली होती. ऑस्ला ते नुसतं बघत राहिली.

"वाजव," त्या म्हणाल्या आणि दारातल्या बाकावर बसल्या.

ऑस्लाने फिडल खांद्यावर ठेवली. बोटं आपोआप जागच्या जागी पडली. तिने आपली संथ चाल सुरू केली आणि दुसऱ्याच स्वराला दचकून थांबली. गज उचलला तरी फिडल वाजतच होती.

गुन्वोरबाई हसल्या. "ती नंतर बोलते. तिला बोलू दे. तू घाई करू नकोस."

ऑस्लाने पुन्हा सुरुवात केली, या वेळी सावकाश, प्रत्येक स्वर संपेपर्यंत वाट बघत. एक शेळी येऊन बुटाची लेस चावायला लागली. ती वाजवत राहिली. चाल संपल्यावर गुन्वोरबाईंनी हात पुढे केला, फिडल घेतली आणि स्वतः वाजवायला लागल्या. तीन पावलांच्या नाचाची चाल होती ती, पण तिसरं पाऊल कधी लांब पडे, कधी आखूड, जसं माणूस खडकाळ उतारावरून पळत खाली येतो. कुंपणाजवळचा हातोड्याचा आवाज थांबला.

"हे मला शिकवा," ऑस्ला म्हणाली.

मग सकाळ त्यातच गेली. एकच फिडल, दोघी आलटून पालटून. ऑस्लाने आपल्याकडची एक जलद नाचाची चाल त्यांना शिकवली, त्यांनी ती दोनदा ऐकून उचलली. ऑस्लाला मात्र त्यांच्या चालीचं तिसरं वळण जमता जमेना. तिथे आलं की ती एक ठोका आधीच उडी मारायची.

"तू मोजतेस," गुन्वोरबाई म्हणाल्या. "मोजू नकोस. पाय टाक." आणि बूट घातलेल्या पायांनी त्यांनी तिला अंगणभर चालवलं. मग जमलं.

दुपारी तोर्गेर होडीकडे निघाला. गुन्वोरबाईंनी फिडल पेटीत ठेवली, पेटी बंद केली. "घेऊन जा," त्या म्हणाल्या. ऑस्लाने हात पुढे केला तर त्यांनी पेटी सोडली नाही. "पण ती एकटी कुठे जात नाही. मी स्वेटर बदलून येते."

होडीत तोर्गेर त्यांच्याकडे पाठ करून सुकाणू धरून बसला होता. अर्ध्या वाटेत गुन्वोरबाई म्हणाल्या, "गोठ्यामागे बसायचास तेव्हा शिंका फार यायच्या तुला."

तोर्गेर वळला. "माहीत होतं तुला?"

"शेळ्या शिंकत नाहीत तशा," त्या म्हणाल्या.

सभागृहात त्या पोचल्या तेव्हा चारला वीस मिनिटं होती आणि खुर्च्या भरत आल्या होत्या. ब्रेनाने पेटी पाहिली.

"मिळाली? मग सुरुवात तू कर."

ऑस्ला हेच ऐकायला खाडी ओलांडून गेली होती. पण आता तिच्या तोंडून भलतंच निघालं. "नको, तूच कर. मी काल खिडकीतून ऐकलं. फार छान बसवलीयस."

"मी या खेपेला दोनच दिवस बसवलीय. तू सहा महिने."

"पण तू…"

"तुमचं ठरेपर्यंत लोक घरी जातील," थेल्माबाई म्हणाल्या. "ऑस्ला, तू वाजव. ब्रेना, तू खाली एक लांब सूर धर. उठा."

तसंच झालं. ऑस्लाने चाल वाजवली, ब्रेनाने खाली सूर धरला, आणि दोन फिडलींच्या मिळून नऊ तरफा दोघींच्या मागे हलकेच बोलत राहिल्या. ऑस्लाने घाई केली नाही. चाल संपल्यावर शेवटचा गुंजारव विझेपर्यंत कुणी टाळी वाजवली नाही. मग वाजवली, आणि चांगली वाजवली. ब्रेनाने तिला कोपराने ढोसलं. "मला शहारे आले," ती कुजबुजली, "आणि मी तर ही चाल कंटाळा येईपर्यंत वाजवलीय."

मग जलद चाली सुरू झाल्या. तिसऱ्या चालीच्या ऐन मध्यावर सभागृहाचं मागचं दार उघडलं आणि विमान कंपनीच्या पोशाखातला एक घामाघूम माणूस ढकलगाडी घेऊन आत आला. गाडीवर आठ पेट्या. मॅन्सीने त्या पाहिल्या, वाजवता वाजवता शेजारच्याला खूण केली, त्याने पुढच्याला. सगळी ओळ दात काढून हसत वाजवत होती आणि लोकांना वाटलं, ही चालच अशी आनंदी असावी. त्या माणसाला सही हवी होती. थेल्माबाईंनी मधल्या वाटेत उभं राहून, पायाने ठेका धरत, आठ ठिकाणी सह्या केल्या.

चाल संपली. बाकीच्यांनी आपापल्या पेट्यांकडे नुसतं बघितलं. हातातल्या फिडल त्यांना आता सोडवत नव्हत्या. ऑस्ला मात्र उठली, गाडीवरून आपली पेटी काढली आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेल्या गुन्वोरबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, माझी आली. तुमची आता रिकामी आहे."

"राहू दे रिकामी."

"मग तुमची चाल वाजवायची राहील. थेल्माबाईंनी तर ती कार्यक्रमात घातलीय." थेल्माबाईंनी तसलं काही केलेलं नव्हतं, पण त्या लांबून बघत होत्या आणि त्यांनी मान डोलावली.

"तू वाजव. तुला येते."

"तिसरं वळण विसरले."

"सकाळी तर येत होतं."

"सकाळी तुम्ही शेजारी होतात."

गुन्वोरबाईंनी सभागृहाकडे पाहिलं. तिथले निम्मे लोक त्यांना ओळखत होते, चीजवाल्या बाई म्हणून. त्यांनी स्वेटरवरचं एक गवताचं पातं काढून खिशात ठेवलं आणि उठल्या.

त्यांची फिडल ऑस्लाच्या फिडलीपेक्षा एक स्वर उंच लागलेली होती. ऑस्लाने आपल्या तारा चढवल्या. सगळ्यांत बारीक तार तुटेल की काय म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते, पण तार टिकली. थेल्माबाईंनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या. दोघी बसल्या, दोघींनी उजव्या खांद्यावर फिडल ठेवली, दोघींचे डावे हात एकदम उचलले गेले.

आणि कुणाचं कोपर कुणाला लागलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ऑस्ला कुणाच्या तरी शेजारी अंग न चोरता बसली होती. गुन्वोरबाईंचा गज जायचा तिकडेच तिचा जायचा, एका वाऱ्यात दोन गवताची पाती झुकावीत तसा. ती हे लक्षात येऊन इतकी हरखली की पहिलं वळण तिने हसत हसतच वाजवलं. तिसरं वळण आलं तेव्हा तिने मोजलं नाही. गुन्वोरबाईंचा बूट जमिनीवर पडला तिथे तिने आपला पाय टाकला आणि पार झाली.

दुसऱ्या फेरीला मागच्या रांगेतलं एक म्हातारं जोडपं उठून नाचायला लागलं. मग आणखी चार जोडपी. खुर्च्या भिंतीकडे सरकल्या. "लीआची गुन्वोर? हिला कधीपासून येतं हे?" कुणीतरी विचारत होतं. तोर्गेर खिडकीबाहेर बघत उभा होता. त्याच्या बायकोने बर्गनहून आल्या आल्या त्याच्या हातात हातरुमाल दिला.

ती चाल पाच वेळा वाजवावी लागली. त्यानंतर गुन्वोरबाई म्हणाल्या, "पुरे, शेळ्या वाट बघतायत," आणि आणखी तीन चाली वाजवून मग गेल्या.

रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणे सगळ्यांना बोटींचं संग्रहालय बघायला जायचं होतं. त्याऐवजी ते सगळेच्या सगळे लीआला गेले, कारण गुन्वोरबाईंनी निरोप पाठवला होता की वाफल्सचं पीठ आठ जणांचं भिजवलंय. अंगणात बाकावर वाफल्स, आंबट साय, जॅम आणि गुळाच्या रंगाचं शेळीचं चीज. मॅन्सीने चीजचे सात तुकडे खाल्ले आणि आठवा एका बोकडाने त्याच्या हातून नेला. मॅन्सी त्याच्यामागे धावला, मग बोकड मॅन्सीमागे धावला. ब्रेना गुन्वोरबाईंच्या जवळ बसून तिसरं वळण शिकत होती, उजव्या हाताने, आणि चुकत होती.

"हिलाही पाय टाकायला लावा आजी," ऑस्ला म्हणाली.

"हात बदलायला लावते," गुन्वोरबाई म्हणाल्या, आणि त्या दोघी इतक्या हसल्या की ब्रेनालाही हसावं लागलं.

निघताना थेल्माबाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी तुम्ही आमच्याकडे याल का. शेळ्यांचं कोण करेल, असं गुन्वोरबाई म्हणाल्या. तोर्गेर म्हणाला, मी करेन. तुला दूध काढता येत नाही, असं त्या म्हणाल्या. वर्ष आहे, शिकेन, असं तो म्हणाला. त्यांनी हो म्हटलं नाही, पण शेटलंडला होडीने किती वेळ लागतो ते मात्र दोनदा विचारून घेतलं.

बर्गनची बस दुपारी निघाली. या खेपेला फिडलींच्या पेट्या प्रत्येकाने मांडीवरच घेतल्या होत्या, आणि विमानात त्यांचं काय करायचं यावर मागे जोरात चर्चा चालली होती. ऑस्लाच्या शेजारी मॅन्सी बसला होता, हाताला बोकडाचे दात लागले होते तिथे पट्टी बांधून. रस्ता बोगद्यांतून आत-बाहेर होत होता. ऑस्ला ओठांतल्या ओठांत ती चाल गुणगुणत होती. मग मॅन्सी गुणगुणायला लागला, मग मागची दोघं. तिसऱ्या वळणाला सगळे एकदम घसरले.

पुढच्या बाकावरून थेल्माबाई मागे न बघता म्हणाल्या, "परत. आणि मोजू नका."